आचाऱ्याचं पोट

"मी ह्याला भूल देणार नाही," असं मी शेटे मॅडमना सांगितलं तेव्हा पेशंट आम्हा दोघांच्या मधे स्ट्रेचरवर पडलेला होता आणि टक्क जागा होता. त्याच्या देखत बोलू नये एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण तेव्हा माझी पन्नाशी उलटलेली. दिवसाला चार-चार हॉस्पिटलं स्कूटरवरून पालथी घालायचो, आणि स्ट्रेचरवरचा माणूस घटकाभरात झोपणारच आहे या हिशेबानं त्याच्या अंगावरून बोलत राहायची मला खोड जडली होती.

मी भूलतज्ज्ञ. आता निवृत्त आहे, म्हणून हे सांगायला हरकत नाही. सोलापूरपासून नव्वद किलोमीटरवरच्या त्या तालुक्याच्या गावात तेव्हा ऑपरेशन करणारे सहा-सात डॉक्टर आणि भूल देणारा मी एकटा. सर्जनचा फोन आला की डिकीतली बॅग काढून पोचायचं, माणसाला झोपवायचं, उठवायचं आणि मागच्या दारानं निघायचं. नातेवाइकांशी बोलायचं ते सर्जननं. भूलवाल्यानं त्यांच्यात पडायचं नाही, असा आमच्या धंद्यातला रिवाजच आहे. सर्जनचं नाव लोकांच्या नातवंडांपर्यंत पाठ असतं, भूल कोणी दिली ते त्याच संध्याकाळी कुणाला आठवत नाही. मला ते फार सोयीचं वाटायचं.

स्ट्रेचरवर होता तो गुरुपाद बिराजदार. वय पंचेचाळीस, लग्नकार्यातला आचारी, आसपासच्या वीस-पंचवीस गावांत नाव असलेला. हजार पानांची पंगत एकट्याच्या अंदाजावर उठवायचा म्हणत. त्याचं लिव्हर खराब झालं होतं. लिव्हर असं खराब झालं की पोटात पाणी साठतं, जुने लोक जलोदर म्हणतात ते हेच. पाण्याचा आतून इतका दाब येतो की बेंबीच्या जागी, जिथं मुळातच भिंत कच्ची असते, तिथून आतडं बाहेर डोकावायला लागतं. हा झाला हर्निया. गुरुपादचे हातपाय वाळलेले, गालफडं बसलेली, आणि पोट मात्र दिवस भरलेल्या बाईसारखं. त्या पोटाच्या टोकाला लिंबाएवढा काळपट गोळा होता. त्याच्यावरची कातडी सकाळीच फाटली होती आणि तिथून पिवळं पाणी झिरपत होतं. अंगातला सदरा, धोतर, खालची चादर, सगळं भिजलेलं.

तो गोळा आदल्या दिवशी दुपारी अडकला होता. एका लग्नात कढई उतरवताना कळ आली, गोळा आत जाईना. दुसरा कुणी असता तर तिथल्या तिथं आडवा झाला असता. ह्या बहाद्दरानं कंबरेचा पंचा सोडून पोटावर आवळून बांधला आणि रात्रीची पंगत उठेपर्यंत चुलीपुढून हलला नाही. सकाळी उलट्या सुरू झाल्या, पंचा सोडला आणि कातडी फाटली.

शेटे मॅडम आमच्या गावच्या सर्जन. बाई कमी बोलायच्या आणि बोलल्या की लागेल असंच बोलायच्या. त्यांनी मला बाजूला घेतलं, म्हणजे दोन पावलं. सोलापूरपर्यंत हा टिकणार नाही, रस्त्यात आतडं सडेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, पूर्ण भूल दिली तर लिव्हर तिथंच मान टाकेल, आणि पाठीत सुई द्यावी तर रक्त गोठत नाही, रिपोर्ट तुमच्याच हातात आहे.

"डिसेंबरमध्येही तुम्ही हेच म्हणाला होता," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा कातडी शाबूत होती. दिवस ठरवून, तयारीनं केलं असतं. आज नाही केलं तर हा उद्याची सकाळ बघत नाही."

ते खरं होतं. चार महिन्यांपूर्वी, डिसेंबरात, हर्नियाचं साधं ऑपरेशन करायचं म्हणून तो तपासणीला आला होता. मी त्याचं पोट बघितलं, डोळ्यांतला पिवळेपणा बघितला आणि कागदावर 'अनफिट' लिहून मोकळा झालो. आधी पोटातलं पाणी उतरवा, मीठ बंद करा, मग बघू, असं सांगितलं. पुस्तकाप्रमाणं त्यात चूक काही नव्हती. पुस्तकात हेही आहे की असल्या माणसाला नुसता परत पाठवला तर तो कधी ना कधी असाच फुटका गोळा घेऊन येतो. पण तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर येईल, असं आपण धरून चालतो.

शेवटी मॅडमनीच तोड काढली. नुसती गोळ्याच्या भोवतीची जागा बधिर करायची, माणूस जागाच ठेवायचा, आणि मी फक्त उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास सांभाळायचा. भूल द्यायचीच नाही म्हटल्यावर मला नाही म्हणायला जागा उरली नाही.

थिएटरमध्ये घ्यायच्या आधी रक्ताचा आणखी एक रिपोर्ट आला. त्याला 'ब' प्रकारची कावीळ होती, किती वर्षांची कुणास ठाऊक. हा आजार रक्तातून पसरतो, त्यामुळे सिस्टरनं सगळ्यांना बजावलं. मीही एकावर एक दोन ग्लोव्हज चढवले आणि तेवढ्यापुरताच त्या रिपोर्टचा विचार केला.

स्ट्रेचर आत ढकलताना गुरुपादनं माझी बाही धरली. आवाज खोल गेलेला, पण शब्द स्वच्छ होते.

"साहेब, तुमच्याकडं एक काम हाय."

मी म्हटलं, आधी हे काम होऊ द्या.

"हे झालं न झालं तरी ते करा. भाईर महानंदा बसलीय, माझी बायको. तिला सांगा, मी पीत न्हाई म्हणून."

मी म्हटलं, तुम्हीच सांगा की बाहेर आल्यावर.

"मी सांगून बसलोय. गळ्यातलं लिंग हातात घेऊन सांगितलं, तरी पटत न्हाई तिला. तुमचंच पटंल. तुम्हीच सांगितलं होतं न्हवं तिला, मी पितो म्हणून."

मला काही आठवेना. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं, भीतीनं माणूस बरळतोय. मी मान हलवली आणि बाही सोडवून घेतली.

टेबलावर घेतल्यावर त्याच्या गळ्यातलं लिंग सिस्टरनं काढायला बघितलं. तो काढू देईना. वीरशैव माणूस, ते अंगावेगळं करत नाहीत. मॅडम म्हणाल्या, राहू दे, खांद्याकडं सरकव. मी उशाशी स्टुलावर बसलो. इतकी वर्षं या स्टुलावर बसून मी झोपलेल्या माणसांची तोंडं बघत आलो होतो. आज खालून दोन डोळे माझ्याकडं बघत होते आणि मला कुठं बघावं ते समजत नव्हतं.

मॅडमनी गोळ्याच्या भोवतीनं सुया दिल्या. त्यानं ओठ दाबून धरला, पण हूं की चूं केलं नाही. कातडी उघडली, पाण्याचा लोंढा आला, तो ओढून घेतला. मग अडकलेलं आतडं मोकळं केलं. वीतभर तुकडा असेल, जांभळा पडलेला. अशा वेळी लगेच कापत नाहीत. गरम सलाईनच्या फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. रंग परतला तर आत ढकलायचं, नाही परतला तर कापायचं. आणि कापून जोडायची वेळ आली तर हा माणूस वाचणं कठीण, हे मॅडम, सिस्टर आणि मी, आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मॅडम फडक्यावर हात ठेवून घड्याळाकडं बघत उभ्या राहिल्या.

"त्यांना बोलतं ठेवा," त्या मला म्हणाल्या. "हलता कामा नये."

आता आली का पंचाईत. जागत्या पेशंटशी बोलायची मला सवयच नव्हती. काय विचारावं म्हणून मी विचारलं की काल लग्नात बेत काय होता. त्यानं सावकाश सगळं सांगितलं. गव्हाची खीर, वांग्याची भाजी, मसालेभात, आमटी, कोशिंबीर. सहाशे पान. खिरीला गहू रात्री भिजत घालून सकाळी कांडलेलेच लागतात, गिरणीचा भरडा आणला की खीर चिकट होते. बोलता बोलता त्याचा श्वास संथ झाला, नाडीही जरा खाली आली. चुलीपाशी पोचला की माणूस सुधारत होता, म्हणून मी आणखी विचारत गेलो. सहाशे पानांच्या आमटीला मीठ किती घालता, म्हटलं.

"मापानं न्हाई घालत साहेब. हातानं घालायचं आन् चव बघायची."

"म्हणजे कशी?"

"अशी." त्यानं टेबलाला बांधलेल्या हाताचा तळवा उताणा केला. "पळीभर हातावर घ्यायचं आन् प्यायचं. एकदा उकळी फुटल्यावर, एकदा मीठ पडल्यावर, एकदा उतरताना. कमीजास्त झालं तर परत."

"प्रत्येक पातेल्याला?"

"चव घेतल्याबिगर पातेलं खाली उतरतच न्हाई की. हजार माणूस जेवणार. खारट झालं तर सोयरीक तुटती."

मी विचारलं, एका कार्याला अशी किती वेळा. त्यानं मनाशी धरलं, पन्नास वेळा सहज. आणि सीझनमध्ये आठवड्याला चार कार्यं, कधी पाच. डिसेंबरपासून लग्नं चालूच होती. मी म्हटलं, अहो, पण तुम्हाला मीठ बंद सांगितलं होतं. ह्यावर तो माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागला, जसं काही मीच अडाण्यासारखं बोललो होतो.

"मीठ कुठं खातो मी? चार महिने झाले, घरी अळणी भाकरी, अळणी वरण. कार्यातसुदिक माझं ताट वेगळं. एक घास खारट खाल्ला असंल तर विचारा."

"आणि चव घेता ते?"

"ते काय खाणं हाय का साहेब? ते काम हाय."

पळीभर पातळ आमटी, एका कार्याला पन्नास वेळा. अर्धा-पाऊण लिटर खारट पाणी दर कार्याला पोटात जात होतं आणि माणूस प्रामाणिकपणे सांगत होता की मी मीठ खात नाही. त्याच्या हिशेबानं ते खरंच होतं. खाणं म्हणजे ताटावर बसून खाणं. हातावरची चव हा धंद्याचा भाग, ते कोण मोजतो. आणि मी त्याला 'मीठ बंद' एवढे दोन शब्द सांगितले होते. तू दिवसभर काय करतोस, कुठं उभा असतोस, तोंडात काय जातं, हे विचारायला फार तर तीन मिनिटं लागली असती.

मग एकेक करून मला सगळं आठवत गेलं. डिसेंबरातल्या त्या तपासणीनंतर महिन्याभरानं, जानेवारीत, ह्याची बायको पॅसेजमध्ये मला आडवी आली होती. डोक्यावरून पदर, हातात पोटातलं पाणी उतरवायच्या गोळ्यांची पाकिटं. म्हणाली, गोळ्या वेळेवर देते, सगळं अळणी करते, तरी पोट उतरत कसं नाही? मला पुढच्या हॉस्पिटलात पोचायचं होतं. मी हेल्मेट घालता घालता म्हणालो होतो, "बाई, एवढं करून पाणी उतरत नाही म्हणजे चोरून बाटली चालू असणार. ह्या पोटाची माणसं सगळी तशीच. लक्ष ठेवा."

एवढंच. तिची प्रतिक्रियाही मी बघितली नव्हती. आणि तो दोन ग्लोव्हजवाला रिपोर्ट आता कुठं माझ्या डोक्यात नीट शिरला. 'ब' कावीळ दारूचा थेंब न घेताही लिव्हर खाऊन टाकते, हे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं पोरसुद्धा सांगेल. डिसेंबरात ऑपरेशनच रद्द झाल्यामुळं ती तपासणी झाली नव्हती. रद्द मी केलं होतं.

मी त्याला विचारलं, बायकोनं काय केलं. त्यानं सांगितलं. तिनं त्याची पिशवी तपासली, तोंडाचा वास घेतला, कार्याच्या ठिकाणी भावाला पाळतीवर पाठवलं. काही सापडलं नाही तेव्हा तर तिचा संशय पक्काच झाला की हा फार बेरकी आहे. लिंगायताच्या घरात दारू म्हणजे काय, हे मला माहीत होतं. संक्रांतीपासून तिनं त्याला देवघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. ताट वाढायची पण पुढ्यात ठेवून उठून जायची. हाताला हात लागू द्यायची नाही.

"पोटाचं मला काय न्हाई," तो म्हणाला. "मराण कुणाला चुकलंय. पर ती असं समजून ऱ्हायली तर माझी माती कशाला करायची?"

"सांगतो," मी म्हणालो. "बाहेर गेलो की पहिलं तेच काम. तुम्ही पीत नाही. चूक माझी झाली."

"तुमची चूक सांगू नका. नुसतं मी पीत न्हाई एवढं सांगा."

तेवढ्यात मॅडमनी फडकं उघडलं. आतडं गुलाबी झालं होतं. मॅडम सहसा हसत नसत, त्या दिवशी मास्कच्या आड हसलेल्या मला कळल्या. माझाही जीव भांड्यात पडला. आतडं आत गेलं, भिंत शिवली, पोटातलं पाणी जखमेतून न येता दुसरीकडून निघावं म्हणून बाजूनं एक नळी ठेवली. दुपारी साडेबारापर्यंत सगळं आटपलं. गुरुपाद शेवटच्या टाक्यापर्यंत जागा होता.

हात धुऊन मी कपडे बदलले आणि दाराकडं गेलो. पुढच्या दाराला जाळी होती. तिच्यातून महानंदा दिसत होती. बाकावर बसलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, हात मांडीवर. रडत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. माझा हात कडीवर गेला आणि तिथंच राहिला. खिशात फोन वाजला. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक सिझेरियन अडलं होतं, मूल आडवं होतं, खरोखरच घाई होती. मी मागच्या दारानं निघालो. उद्या सांगू, असं म्हणालो स्वतःशी.

सिझेरियन अर्ध्या तासात उरकलं. आई आणि मूल दोन्ही सुखरूप. तिथून शेटे मॅडमचं हॉस्पिटल स्कूटरनं सात मिनिटं. मी घरी जाऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मॅडमकडं एक अपेंडिक्स होतं म्हणून मी गेलो. वॉर्डावरून जाताना गुरुपाद दिसला. उशीला टेकून बसला होता, चेहऱ्यावर जरा तरतरी आली होती, नळीतून पाणी नीट उतरत होतं. मला बघून त्यानं हात वर केला. मी आत गेलो. आजूबाजूला महानंदा नव्हती, खाली औषधं आणायला गेली होती.

"सांगितलं का साहेब?"

"सांगतो. आधी तुम्ही जरा सावरा."

तो म्हणाला, बरं.

मी का नाही सांगितलं, ह्याची कारणं मी पुढं कितीतरी वर्षं गोळा करत राहिलो. नातेवाइकांशी सर्जननं बोलायचं असतं. बाई चिडली आणि बोभाटा झाला तर शेटे मॅडमच्या हॉस्पिटलचं नाव खराब होईल. हा बरा होऊन चालायला लागला की हसतखेळत सांगता येईल. सगळी कारणं बरी दिसणारी होती. पण खरं कारण एकच होतं, मला तिची भीती वाटत होती. पेशंट मेला तर काय करायचं हे मला येत होतं, एका बाईपुढं उभं राहून 'मी न विचारता बोललो' एवढं म्हणणं येत नव्हतं. गुरुवारी त्या हॉस्पिटलात माझी केस नव्हती, आणि नव्हती ह्याचं मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

शुक्रवारी सकाळी मॅडमचा फोन आला. केसचा नव्हता. म्हणाल्या, बिराजदार पहाटेपासून असंबद्ध बोलतोय, हात थरथरतायत, लिव्हर साथ देत नाही, तुम्ही बघून जाता का. असं होऊ शकतं हे आम्ही धरून होतो. ऑपरेशन नीट झालं तरी तेवढा धक्काही असल्या लिव्हरला झेपत नाही, रक्तातली घाण मेंदूकडं जाते आणि माणूस भ्रमात जातो. मी निघालो. ह्या वेळी पुढच्या दारानं गेलो.

महानंदा वॉर्डाच्या बाहेर उभी होती. मी तिला बाजूला घेतलं आणि एका दमात सगळं बोललो. तुमचा नवरा दारू पीत नाही. कधीच पीत नव्हता. त्याला रक्तातून होणारी कावीळ आहे, तिनं लिव्हर गेलं. पोट उतरत नव्हतं कारण तो कार्यात चव घेत होता, त्यातून मीठ जात होतं, आणि ते त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. जानेवारीत मी जे बोललो ते न तपासता बोललो.

ती ऐकत होती. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "खरं का?" मी म्हटलं, खरं. तिनं कोपऱ्यातल्या नळावर जाऊन तोंड धुतलं, पदर नीट केला आणि आत गेली. मी तिच्यामागं दारात थांबलो.

तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि वाकून म्हणाली, "अहो, मला कळलंय. तुम्ही घेत न्हवता. माझं चुकलं."

गुरुपादनं तिच्याकडं नीट निरखून बघितलं. तोंडावर पाहुण्याशी बोलतानाची अदब आली.

"तुम्ही मुलाकडच्या का मुलीकडच्या?"

तिला कळेना. तिनं परत हाक मारली, ह्या खेपेला नाव घेऊन, जे त्या घरातल्या बायका कधी करत नाहीत.

"पंगत बसतीय," तो म्हणाला. "जेवून घ्या. मागनं गर्दी हुईल."

ती त्याचा हात धरून बसून राहिली. दिवसभरात तिनं त्याला तेच दहा वेळा सांगितलं असेल. कधी तो मान डोलवायचा, कधी पाणी घाला म्हणून कुणाला तरी सांगायचा. संध्याकाळी तेही थांबलं. शनिवारी तो जागा झाला नाही. मॅडमनी होतं ते सगळं केलं, औषधं, एनिमा, सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांना फोन. रविवारी दुपारी तीनला तो गेला. पोट तेव्हा बरंच उतरलं होतं.

मी रविवारी गेलो नसतो तरी चाललं असतं. गेलो. शववाहिनी यायची होती, भाऊबंद फाटकापाशी उभे होते. महानंदा व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तीच बोलली.

"साहेब, एक विचारू? तुम्हाला कवा कळलं हे?"

शुक्रवारी म्हणून मोकळं होता आलं असतं. ते तपासायला आता कोणी उरलं नव्हतं.

"मंगळवारी," मी म्हणालो. "ऑपरेशन चालू असताना. त्यांनी तुम्हाला सांगायला सांगितलं होतं."

ती माझ्याकडं न बघता फाटकाकडं बघत राहिली. मग बोलली, आवाज अगदी रोजचा.

"बुधवारी त्यांनी पाणी मागितलं. मी पेला स्टुलावर ठेवला, म्हटलं घ्या तुमच्या हातानं. तर मला म्हणाले, डॉक्टर तुला काय बोलले का?"

तीच पुढं म्हणाली,

"मी म्हटलं, आता काय बोलायचं ऱ्हायलंय."

गाडी आली. ती उठली, पदर खोचला आणि भाऊबंदांच्या आधी जाऊन आत बसली.